डिस्कवर्ल्ड कुठून वाचावं, आणि वाचकांचं त्यावर एकमत का होत नाही

प्रश्न: टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्ड मालिकेतलं पहिलं पुस्तक शंभरेक पानं वाचून मी बाजूला ठेवलं. काही विनोदांवर हसू आलं, पण गोष्ट पकड घेईना. ज्या मित्राने पुस्तक सुचवलं तो आता म्हणतो की पहिलं पुस्तक कुणी पहिलं वाचतच नाही. एक मैत्रीण म्हणते, क्रमाने वाचलं नाही तर सगळी मजा जाते. तिसऱ्याच्या मते शेवटची पुस्तकं म्हणजे नुसती प्रवचनं आहेत, आणि माझ्या बहिणीला नेमकी तीच सर्वांत जास्त आवडतात. एकाच मालिकेबद्दल इतकी उलटसुलट मतं कशी? आणि मी पुढे वाचावं का?

उत्तर: पुढे जरूर वाचा, पण हातातलं पुस्तक तूर्त कपाटात ठेवून दुसरं घ्या. कोणतं, ते खाली सांगतो.

तुम्हाला सल्ला देणाऱ्या चौघांपैकी कुणीही चुकीचं बोललेलं नाही. ग्रंथालयात इंग्रजी कादंबऱ्यांचा विभाग सांभाळताना आणि नंतर वाचकगट चालवताना मी ही पुस्तकं पुष्कळांच्या हातात दिली आहेत. परत करताना लोक जे बोलतात तेही लक्ष देऊन ऐकलं आहे. त्यातून माझं मत असं बनलं की डिस्कवर्ल्ड हे नाव एक असलं तरी त्याखाली चार-पाच वेगवेगळ्या मालिका आहेत, आणि त्या लिहिणारा माणूस बत्तीस वर्षांच्या लेखनात फार बदलत गेला. वाचक कोणत्या पुस्तकापासून आत शिरला, तोवर त्याने काय वाचलं होतं आणि विनोदाकडून त्याची काय अपेक्षा होती, यावर त्याचं मत ठरतं. त्यामुळे दोन वाचक डिस्कवर्ल्डबद्दल भांडत असतात तेव्हा बहुतेक वेळा ते वेगवेगळ्या पुस्तकांबद्दल बोलत असतात.

आधी थोडी माहिती. पहिली कादंबरी, ‘द कलर ऑफ मॅजिक’, 1983 साली आली. शेवटची, ‘द शेफर्ड्स क्राउन’, 2015 मध्ये, प्रॅचेट मार्चमध्ये वारल्यानंतर त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. एकूण 41 कादंबऱ्या. हे जग तबकडीसारखं सपाट आहे, चार हत्तींच्या पाठीवर ठेवलेलं आहे आणि ते हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर उभे आहेत. मंदार पर्वत पाठीवर घेणारा कूर्म आणि दिशा सांभाळणारे दिग्गज लहानपणापासून ऐकलेल्या मराठी वाचकाला या चित्राचं फारसं नवल वाटत नाही. इंग्रज वाचकाला ते विक्षिप्त वाटतं, आपल्याला ओळखीचं. पण कासव आणि हत्ती ही फक्त पार्श्वभूमी आहे. बऱ्याच कादंबऱ्यांत त्यांचा जेमतेम उल्लेख येतो. खरा मुक्काम असतो अँख-मॉरपोर्क या गलिच्छ, गजबजलेल्या, पैशाच्या मागे धावणाऱ्या शहरात, किंवा लँकर नावाच्या डोंगराळ, चिमुकल्या राज्यात.

आता तुमच्या अडकलेल्या पुस्तकाकडे येऊ. ‘द कलर ऑफ मॅजिक’ लिहिलं तेव्हा प्रॅचेट पूर्णवेळ लेखक नव्हते. आधी ते स्थानिक वृत्तपत्रात पत्रकार होते आणि नंतर ब्रिटनच्या सरकारी वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी झाले. अणुवीज केंद्रांबद्दल पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरं देणं हे त्यांचं काम होतं. पुस्तकं घरी, नोकरीनंतर लिहिली जात. हे पहिलं पुस्तक उघडउघड विडंबन आहे. त्यात चार कथा सैलसर जोडलेल्या आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकीत त्या काळच्या एखाद्या लोकप्रिय अद्भुतकथाकाराची टर उडवली आहे: तलवारबहाद्दर आणि चोराच्या जोडीच्या कथा लिहिणारे फ्रिट्झ लायबर, भयकथांचे एच. पी. लव्हक्राफ्ट, ड्रॅगनवर स्वार होणारी माणसं रंगवणाऱ्या ॲन मॅकॅफ्री. साठ-सत्तरच्या दशकांत असल्या कथांचा रतीब घातलेला इंग्रज किंवा अमेरिकन वाचक हे पुस्तक वाचून लोटपोट झाला, आणि ते अगदी प्रामाणिक हसू होतं. आपल्याकडचा वाचक मूळ कथा वाचलेला असेलच असं नाही. ज्याची नक्कल चालली आहे तो माणूस आपण पाहिलेलाच नाही, तर नकलेतलं कसब कळून कळून किती कळणार?

तुम्हाला जिथे हसू आलं असेल त्या जागा कोणत्या, याचाही मला अंदाज आहे. टूफ्लॉवर नावाचा भोळा पर्यटक एका खानावळीच्या मालकाला आगीच्या विम्याची कल्पना समजावून सांगतो. पुढे काय होणार हे मालकाच्या डोक्यात उजेड पडतो त्याच क्षणी वाचकाला कळतं, आणि अख्खं शहर पेटतं. हा विनोद समजायला लायबर वाचावा लागत नाही. माणूस आणि पैसा यांची ओळख असली की पुरते. प्रॅचेट पुढे ज्या दिशेने गेले ती दिशा इथे पहिल्यांदा दिसते, पण पुस्तकभर ती टिकत नाही. शिवाय पुस्तक गोष्टीच्या मध्येच तुटतं. उरलेला भाग 1986 च्या ‘द लाइट फॅन्टॅस्टिक’मध्ये आहे. म्हणजे पहिलं पुस्तक नेटाने संपवलं असतंत तरी हाती पूर्ण गोष्ट लागली नसती.

तरीही पहिल्या पुस्तकाला सरसकट कमी लेखणं मला मान्य नाही. 2003 साली बीबीसीने ब्रिटनमधल्या वाचकांना त्यांची आवडती कादंबरी विचारली. त्या कौलाच्या पहिल्या शंभरात प्रॅचेट यांची पाच पुस्तकं होती, डिकन्सइतकीच. त्यांतलं एक नील गेमन यांच्याबरोबर लिहिलेलं, डिस्कवर्ल्डबाहेरचं होतं. बाकी चारांत ‘द कलर ऑफ मॅजिक’ही होतंच. ज्यांना कल्पनेची उधळण आवडते, कथानकाची फार पर्वा नसते आणि प्रत्येक पानावर नवा देश, नवा राक्षस, नवी कोटी हवी असते, त्यांना आजही ते पुस्तक सगळ्यांत मोकळं वाटतं. पुढच्या पुस्तकांत प्रॅचेट जास्त जबाबदार झाले, अशी या वाचकांची तक्रार असते. त्यांना काय हवं होतं हे ध्यानात घेतलं तर ती रास्तही आहे.

बदल सुरू झाला तो 1987 मध्ये. त्या वर्षी ‘इक्वल राइट्स’ आणि ‘मॉर्ट’ ही दोन पुस्तकं आली, आणि त्याच वर्षी प्रॅचेट यांनी नोकरी सोडली. मृत्यू हे पात्र पहिल्या पुस्तकात खुनशी आहे, पुस्तकाचा नायक रिन्सविंड हातातून निसटतो म्हणून चिडणारं. ‘मॉर्ट’मध्ये तोच मृत्यू एका खेडवळ पोराला शिकाऊ उमेदवार म्हणून ठेवून घेतो, आणि माणसं जगतात कशी, मासे पकडण्यात त्यांना काय मजा येते, स्वयंपाक करण्यात कसलं सुख असतं, हे स्वतः शोधायला निघतो. त्याला मांजरं आवडतात. तो कुणालाही मारत नाही, वेळ संपलेल्यांना फक्त घेऊन जातो. त्याला माणसांबद्दल वाटणारं कुतूहल हळूहळू मायेच्या जवळ जातं. बीबीसीच्या त्या कौलात प्रॅचेट यांच्या पुस्तकांत सर्वांत वर ‘मॉर्ट’च होतं. इथपासून प्रॅचेट विडंबन पुरतं सोडत नाहीत, पण ज्याची चेष्टा करायची ते आता पुस्तकांबाहेर सापडू लागतं: राजसत्ता, धर्मसंस्था, वर्तमानपत्रं, टपालखातं, बँका, युद्धज्वर, सिनेमा, ऑपेरा, फुटबॉल.

त्यानंतर मालिकेला फाटे फुटतात. पळपुटा, नापास जादूगार रिन्सविंड याची पुस्तकं वेगळी. ग्रॅनी वेदरवॅक्स, नॅनी ऑग आणि इतर चेटकिणींची वेगळी. मृत्यू आणि त्याची नात सुझन यांची वेगळी. शहराच्या पहारेकऱ्यांची, म्हणजे सॅम व्हाइम्स आणि त्याच्या चौकीतल्या माणसांची वेगळी. पुढे टिफनी एकिंग या मुलीची, आणि फाशीच्या दोरापासून सुटून टपालखात्याचा प्रमुख झालेल्या मॉइस्ट फॉन लिपविग या भामट्याची. काही कादंबऱ्या कुठल्याच रांगेत बसत नाहीत, त्यांतली ‘स्मॉल गॉड्स’ मला सगळ्यांत मोठी वाटते.

माझा अनुभव असा की वाचकांचे गट या फाट्यांप्रमाणेच पडतात. गुप्तहेरकथा आणि पोलिसकथा आवडणारा वाचक पहारेकऱ्यांकडे वळतो आणि चेटकिणी त्याला संथ वाटतात. शेक्सपिअर वाचलेल्याला ‘विर्ड सिस्टर्स’मध्ये ‘मॅकबेथ’ आणि ‘हॅम्लेट’चे धागे ओळखण्यात आनंद मिळतो. ज्यांनी घरात किंवा गावात एखादी कडक, एकटी, सगळ्यांना धाक असलेली आणि अडल्या वेळी सगळ्यांनाच हवी असलेली म्हातारी बाई पाहिली आहे, त्यांना ग्रॅनी वेदरवॅक्स एकदा भेटली की सुटत नाही. ग्रॅनी चांगली आहे, पण तिला चांगलं असणं सोपं जात नाही. वाईट होण्याची ताकद तिच्यात पुरेपूर आहे आणि ती रोज त्या ताकदीला नकार देते. विनोदी कादंबरीत असं पात्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. रिन्सविंडच्या बाबतीत मात्र मी माझं मत लपवत नाही: तो फारसा बदलत नाही, म्हणून त्याची नंतरची पुस्तकं प्रवासवर्णनासारखी होतात. ज्यांना त्याचं पळणंच आवडतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

क्रमाचा प्रश्न. तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं एका फाट्यापुरतं शंभर टक्के बरोबर आहे. व्हाइम्सची पुस्तकं क्रमानेच वाचायला हवीत. 1989 च्या ‘गार्ड्स! गार्ड्स!’मध्ये तो गटारात पडलेला दारुडा कप्तान आहे. त्याच्या हाताखाली मोजकेच शिपाई आहेत, आणि शहरात चोरांचा रीतसर संघ आहे. कुणाला किती लुटायचं याचा वार्षिक कोटा ठरलेला असतो आणि चोरी झाल्यावर पावती मिळते. अशा शहरात पहारेकऱ्यांची गरज कुणाला? तिथून व्हाइम्स पुस्तकागणिक उभा राहत जातो: लग्न, दारूशी झगडा, सरदारकी त्याला नको असताना त्याच्या गळ्यात पडणं, आणि अंधाऱ्या गल्लीत कुणी पाहत नसतानाही कायदा पाळण्याचा त्याचा हट्ट. मग 2002 चं ‘नाइट वॉच’ येतं. एका खुन्याचा पाठलाग करताना तो तीस वर्षं मागे, एका जुलमी राजवटीच्या शेवटच्या दिवसांत फेकला जातो आणि तिथे स्वतःच्याच कोवळ्या वयाला पोलिसाचं काम शिकवतो. आधीची पुस्तकं न वाचता हे वाचलं तर एक चांगली साहसकथा हाती लागते. आधीची वाचून वाचलं तर या माणसाने आज जे कमावलं आहे ते सगळं तीस वर्षांपूर्वी रस्त्यांवर उभारलेल्या अडथळ्यांमागच्या त्या लढ्यात पणाला लागलंय, हे कळून जीव टांगणीला लागतो. 2025 मध्ये पेंग्विनने हे पुस्तक आपल्या आधुनिक अभिजात पुस्तकांच्या मालेत घेतलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

इतर फाट्यांत क्रम इतका कडक नाही. चेटकिणींची पुस्तकं ‘विर्ड सिस्टर्स’पासून सुरू केली तरी चालतात. मृत्यूची ‘मॉर्ट’पासून. सगळी 41 पुस्तकं प्रकाशनाच्या क्रमाने वाचण्याचा एक वेगळा लाभ आहे, लेखक घडताना दिसतो. पण तो दुसऱ्या वाचनाला राखून ठेवावा, पहिल्या भेटीला ते ओझं घेऊ नये.

आता जो वाद सर्वांत जुना आहे त्याबद्दल: हे ‘साहित्य’ आहे का? ब्रिटनमध्ये हा प्रश्न तावातावाने चर्चिला गेला. एका समीक्षकाने दूरचित्रवाणीवर तक्रार केली होती की हा माणूस प्रकरणं पाडूनसुद्धा लिहीत नाही. डिस्कवर्ल्डच्या बहुतेक कादंबऱ्यांत खरोखरच प्रकरणं नाहीत. दृश्य संपतं, एक ओळ मोकळी जाते, दुसरं सुरू होतं. प्रॅचेट यांच्या मृत्यूनंतर ‘गार्डियन’मधल्या एका कलासमीक्षकाने लिहिलं की प्रॅचेट हा काही थोर लेखक नव्हे, आणि त्याच लेखात त्यांचं एकही पुस्तक आपण वाचलेलं नाही असंही सांगून टाकलं. वाचक खवळले. त्याने मग ‘स्मॉल गॉड्स’ वाचलं आणि पुन्हा लिहिलं, तेव्हाही ते करमणुकीच्या पलीकडे जात नाही असंच त्याचं मत होतं. वाचून बनवलेल्या त्या दुसऱ्या मताचा मी आदर करतो. दुसऱ्या बाजूला ए. एस. बायट यांच्यासारख्या मोठ्या कादंबरीकार प्रॅचेट यांची उघडपणे बाजू घेत होत्या, आणि ‘द अमेझिंग मॉरिस’ या मुलांसाठीच्या डिस्कवर्ल्ड कादंबरीला कार्नेगी पदक मिळालं होतं.

माझं उत्तर पुस्तकांतूनच देतो. ‘मेन ॲट आर्म्स’मध्ये व्हाइम्स बुटांचा हिशेब मांडतो. चांगले बूट पन्नास डॉलरना मिळतात आणि दहा वर्षं टिकतात. गरिबाला परवडतात ते दहा डॉलरचे, एखाद-दुसऱ्या हंगामात त्यांचा तळ झिजतो. दहा वर्षांत गरीब माणूस बुटांवर शंभर डॉलर घालवतो आणि तरी त्याचे पाय ओलेच राहतात. श्रीमंत श्रीमंत का राहतात, याचं व्हाइम्सने दिलेलं हे कारण. 2022 मध्ये ब्रिटनमध्ये स्वस्त अन्नाच्या वाढत्या किमती मोजण्यासाठी एका कार्यकर्तीने निर्देशांक सुरू केला, तेव्हा प्रॅचेट यांच्या वारसांच्या संमतीने त्याला व्हाइम्सच्या बुटांचं नाव दिलं गेलं. विनोदी अद्भुत कादंबरीतला एक परिच्छेद महागाईच्या चर्चेत जाऊन बसतो, याचं कारण तो खरा आहे आणि कुणालाही समजेल इतका स्वच्छ लिहिला आहे. नील गेमन यांनी प्रॅचेट यांच्या लेखसंग्रहाच्या प्रस्तावनेत सांगितलं आहे की लोकांना हा माणूस गंमतीशीर, प्रेमळ म्हातारा वाटतो, पण त्याच्या लेखनाला बळ देतो तो राग. हे वाचल्यावर मला डिस्कवर्ल्ड अधिक नीट दिसू लागलं. अन्यायाची, ढोंगाची, माणसाला वस्तू समजण्याची चीड तिथे सतत आहे, आणि विनोदामुळे ती वाचकाच्या गळी उतरते.

‘स्मॉल गॉड्स’मध्ये एका महान देवाचा अवतार फसतो आणि तो कासव होऊन वाळवंटात पडतो. त्याच्या नावाने देवळं आहेत, पुरोहित आहेत, छळछावण्या आहेत, पण त्याच्यावर खरा विश्वास ठेवणारा एकच उरला आहे, मठातला एक मंद समजला जाणारा पोरगा ब्रुथा. हे पुस्तक मी श्रद्धाळू वाचकांना दिलं आणि कट्टर नास्तिकांनाही दिलं. दोघांनीही परत देताना ‘हे आपल्या बाजूचं आहे’ असं सांगितलं. मला ते दोघेही बरोबर वाटतात, कारण पुस्तकाचा रोख देवावर नाही आणि श्रद्धेवरही नाही. देवाच्या नावाने चालणाऱ्या भीतीच्या कारभारावर आहे.

आता ‘प्रवचना’ची तक्रार. ती टाळून पुढे जाण्यासारखी नाही, कारण ती करणारे बहुतेक जण जुने, प्रेम करणारे वाचक आहेत. डिसेंबर 2007 मध्ये प्रॅचेट यांनी जाहीर केलं की त्यांना अल्झायमरचा एक दुर्मिळ प्रकार झाला आहे. त्यात मेंदूचा मागचा भाग आधी बाधित होतो, त्यामुळे दिसणारं नीट उमगत नाही. टंकलेखन अशक्य झाल्यावर ते सहायक रॉब विल्किन्स यांना आणि बोललेलं लिहून घेणाऱ्या संगणकाला मजकूर सांगत. त्या काळातल्या ‘स्नफ’ (2011) आणि ‘रेझिंग स्टीम’ (2013) या पुस्तकांत वाक्यं लांबतात, पात्रं एकमेकांसारखी बोलू लागतात. पूर्वी एका नजरेत जे कळायचं ते आता भाषणातून सांगितलं जातं. शहराचा हुकूमशहा व्हेटिनारी पूर्वी चार शब्दांत समोरच्याला घाम फोडायचा, तो ‘रेझिंग स्टीम’मध्ये बडबड्या वाटतो. हा दोष खरा आहे आणि प्रेमापोटी तो नाकारू नये.

पण सगळं खापर आजारावर फोडणं चूक आहे. नैतिक प्रश्न थेट मांडण्याकडे प्रॅचेट यांचा कल आजाराच्या कितीतरी आधीपासून होता. 1997 चं ‘जिंगो’ युद्धखोर देशभक्तीवर आहे. 2003 चं ‘मॉन्स्ट्रस रेजिमेंट’ युद्ध आणि बायकांच्या वाट्याला येणारं जगणं यांवर. 2005 चं ‘थड!’ पिढ्यान्‌पिढ्यांच्या जातवैरावर, म्हणजे बुटके आणि ट्रोल यांच्यातल्या वैरावर. यांत विषय तितकाच गंभीर आहे, पण गोष्ट घट्ट आहे, म्हणून कुणाला प्रवचन वाटत नाही. फरक पडला तो बांधणीत. आणि तुमच्या बहिणीची बाजूही ऐका: ‘स्नफ’मध्ये गॉब्लिन नावाच्या, सगळ्यांनी किळसवाण्या ठरवलेल्या जमातीला पकडून गुलाम म्हणून बोटीने पाठवतात. त्यांना माणूस म्हणून हक्क आहेत हे कुणाच्या गावीही नसतं, तेव्हा व्हाइम्स उभा राहतो. ज्या वाचकाला हे उघड, ठणकावून सांगितलेलं हवं आहे, त्याला ‘स्नफ’ सुरुवातीच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा जवळचं वाटू शकतं. याच ‘स्नफ’ला 2012 मध्ये वुडहाऊस यांच्या नावाचा विनोदी कादंबरीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे ज्यात विनोद आटला असं अनेक जुने वाचक म्हणतात, त्यालाच परीक्षकांनी विनोदासाठी निवडलं.

काही तक्रारी मात्र मला वेगळ्या कारणाने महत्त्वाच्या वाटतात. 1994 चं ‘इंटरेस्टिंग टाइम्स’ चीन आणि जपान यांचं मिश्रण करून बनवलेल्या एका साम्राज्यात घडतं. त्यातले नम्र, आज्ञाधारक, दबलेले लोक हे पाश्चात्त्यांच्या मनातलं आशियाचं जुनं चित्र आहे. प्रॅचेट तिथे साम्राज्यावर हसतात हे खरं, पण लोकांकडे बाहेरूनच पाहतात. आशियाई वाचकाला ते खटकलं तर त्याला हळवा ठरवू नये. ‘मास्करेड’मधल्या ॲग्नेस निट या मुलीच्या जाडपणावर पुन्हा पुन्हा येणारे विनोदही असेच. काहींना वाटतं लेखक जगाचा निर्दयपणा दाखवतो आहे, काहींना वाटतं तोही त्यात सामील आहे. मी ते पुस्तक पुन्हा वाचलं तेव्हा दुसऱ्या मताकडे झुकलो. मोठ्या लेखकाच्या प्रत्येक ओळीचं समर्थन करायची गरज वाचकावर नसते. गंमत अशी की दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहा हे शिकवणारी ग्रॅनीही याच लेखकाची.

मुखपृष्ठांमुळेही मतं बिघडली आहेत. जॉश कर्बी यांची गर्दीने भरलेली, भडक रंगांची चित्रं 2001 मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ब्रिटिश आवृत्त्यांवर होती. ती पाहून पुष्कळांनी ही पोरकट पुस्तकं आहेत असं ठरवून टाकलं. नंतरची पॉल किडबी यांची चित्रं पात्रांच्या जास्त जवळ जाणारी आहेत.

ज्यांना इंग्रजी वाचताना तळटिपा, कोट्या आणि बोलीतले उच्चार यांत दम लागतो, त्यांना मी ऐकायला सांगतो. 2022 पासून पेंग्विनने जवळजवळ सगळी मालिका नव्याने ध्वनिमुद्रित केली. तळटिपा अभिनेते बिल नाय वाचतात आणि मृत्यूचा आवाज पीटर सेराफिनोविच यांचा आहे. प्रॅचेट यांचं गद्य कानाला फार चांगलं लागतं, आणि कोटी डोळ्यांतून निसटली तरी कानात पकडली जाते.

आता तुम्ही काय घ्यावं. तुम्ही लिहिलंय की गोष्ट पकड घेईना. म्हणजे तुम्हाला कथानक लागतं. म्हणून ‘गार्ड्स! गार्ड्स!’ घ्या. त्यात ड्रॅगन आहे, कारस्थान आहे, शहर आहे आणि व्हाइम्स आहे. पहिली तीस-चाळीस पानं एका गुप्त मंडळाच्या बैठकीत जरा रेंगाळतात, तिथे सोडू नका. ते आवडलं तर ‘मेन ॲट आर्म्स’, ‘फीट ऑफ क्ले’, ‘जिंगो’, ‘द फिफ्थ एलिफंट’ आणि मग ‘नाइट वॉच’, याच क्रमाने. मालिकेत गुंतायचं नसेल, एकच पुस्तक वाचून निर्णय घ्यायचा असेल, तर ‘स्मॉल गॉड्स’. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर त्याच्याबरोबर ‘द वी फ्री मेन’ वाचा. त्यातली नऊ वर्षांची टिफनी तळण्याचा तवा घेऊन परीराणीशी लढायला निघते. हे मुलांचं पुस्तक म्हणून विकलं जातं, पण त्यात आजीच्या मृत्यूनंतरचं जे दुःख आहे ते मोठ्यांनीही वाचावं असं आहे.

‘द शेफर्ड्स क्राउन’ मात्र सगळ्यांत शेवटी, चेटकिणींची आणि टिफनीची बाकीची पुस्तकं झाल्यावर. ते पुस्तक प्रॅचेट यांना हवं होतं तितकं पूर्ण झालेलं नाही, असं विल्किन्स यांनी त्याच्या अखेरीस नोंदवलं आहे, आणि वाचताना ते जाणवतं. पुढे आणखी कादंबऱ्या येणार नाहीत हेही नक्की आहे. मुलगी रियाना यांनी मालिका पुढे चालवायला नकार दिला, आणि अपुऱ्या लिखाणाची हार्ड डिस्क प्रॅचेट यांच्या इच्छेप्रमाणे 2017 मध्ये डॉर्सेटमधल्या एका यात्रेत वाफेच्या रोड रोलरखाली चिरडली गेली. ‘द कलर ऑफ मॅजिक’ मात्र कुणाला देऊन टाकू नका. चार-पाच पुस्तकांनंतर, ते शहर ओळखीचं झाल्यावर, विम्याच्या त्या प्रसंगापासून पुन्हा सुरुवात करून पाहा, आणि मत बदललं किंवा नाही बदललं तरी मला कळवा.